कानूला न कळलेला सूर

"माणसाचा आवाज नाही," कानू म्हणाला.

सकाळपासून तो हेच सांगत होता. तेच तीन शब्द, तोच थंड स्वर. शाल्मलीनं हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबला. पाण्याची चुळबुळ ऐकू येत होती, लांबवर इंजिनांची घरघर होती, आणि त्या घरघरीच्याही वर, अगदी वर, कुणीतरी सुईनं ओरखडा ओढावा तसं काहीतरी बारीक. आलं आणि गेलं.

"कानू, आत्ता काहीतरी वाजलं!"

"हो. पाणपक्षी असावा. माणसाचा आवाज नाही."

शाल्मलीनं काचेबाहेर पाहिलं. पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नदी नाही, पलीकडचा काठ नाही, केंद्राचा धक्कासुद्धा नाही. नुसतं पांढरं धुकं. त्या पांढऱ्यात कुठेतरी तिची आई होती.

झाऊखाली हे सुंदरबनातलं एक छोटं बेट. समुद्र वर चढत चालला, तशी तिथली शाळा, दवाखाना आणि हे नदी-केंद्र तरंगत्या तराफ्यांवर हलवावं लागलं. शाल्मलीचे बाबा, दिघे, मूळचे रेवदंड्याचे. खारफुटीची जंगलं पुन्हा उभी करायच्या कामासाठी ते इथं आले आणि त्यांच्यामागून आई आणि शाल्मलीही आल्या. आई तर आनंदानं आली. लग्नाआधी ती विष्णुपूरला राहून तिथल्या घराण्याचं शास्त्रीय गाणं शिकली होती. बंगाल तिला परका नव्हताच.

इथं तिला सरमा मंडल भेटली. सरमा नाव चालवायची आणि भटियाली गायची. बंगालीत ओहोटीला भाटा म्हणतात. ओहोटीच्या धारेला नाव सोडून द्यायची, वल्ही आवरायची आणि मोकळ्या आवाजात गायचं, ती भटियाली. शाल्मली तिला सरमापिशी म्हणायची. पिशी म्हणजे आत्या. पिशी तिला आवडायची, पण पिशीचं गाणं मात्र नाही. "ती गाते की ओरडते गं?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा आई कधी नव्हे ती रागावली होती.

आज उजाडता उजाडता दोघी समोरच्या बेटावर गेल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी आईला ध्वनिमुद्रित करायची होती. परतताना धुकं उतरलं. आईचा एकच फोन आला, "इंजिन बंद पडलंय. पण काळजी करू..." आणि आवाज तुटला. त्यानंतर काही नाही. आता ओहोटी लागली होती. ओहोटीचं पाणी सगळं खाली ओढून नेतं, आणि खाली बंगालचा उपसागर होता. उघडा.

बाबा आणि आणखी काही जण लाँच घेऊन शोधायला बाहेर पडले होते. शाल्मलीला त्यांनी केंद्रात झर्नामाशींजवळ ठेवलं होतं.

झर्ना मैती या ध्वनिशास्त्रज्ञ. म्हणजे आवाज कसा तयार होतो, कसा पसरतो याचा अभ्यास करणाऱ्या. आयुष्याची बरीच वर्षं त्या पुण्यात होत्या, त्यामुळे मराठी छान बोलायच्या. बंगालीत मावशीला माशी म्हणतात. पहिल्या दिवशी शाल्मलीला ते ऐकून हसू आवरलं नव्हतं. आज तिला हसू म्हणजे काय तेच आठवत नव्हतं.

कानू हा झर्नामाशींनी बनवलेला यंत्रमानव. त्याला हात नव्हते आणि पायही नव्हते, पण कान मात्र चाळीस होते. नदीच्या मुखाशी ठिकठिकाणी बोये सोडलेले होते (बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारं, खाली नांगरून ठेवलेलं पिंप). प्रत्येक बोयावर एक मायक्रोफोन होता. एखादा आवाज झाला की तो जवळच्या बोयाला आधी पोचतो आणि लांबच्या बोयाला थोडा उशिरा. त्या उशिरावरून आवाज कुठून आला ते कानू काढायचा. वादळात वाहून गेलेली माणसं सापडावीत म्हणून तर त्याला इथं बसवलं होतं.

आणि तोच म्हणत होता, माणसाचा आवाज नाही.

"माशी, पक्षी धुक्यात असे पुन्हा पुन्हा ओरडतात?"

झर्नामाशी नकाशावरून नजर न काढता म्हणाल्या, "सहसा नाही. का गं?"

"कारण तो परत आला. तिसऱ्यांदा."

आता माशींनी वर पाहिलं. "कानू, मघाचा तो आवाज पडद्यावर काढ."

पडद्यावर चित्र उमटलं. ध्वनीचा वर्णपट (आवाजात कोणकोणत्या उंचीचे स्वर मिसळलेले आहेत ते दाखवणारं चित्र). खालच्या बाजूला काळाकुट्ट पट्टा होता, तो लाँचच्या इंजिनांचा. खूप वर, एकावर एक, चार फिकट रेघा होत्या. सरळ नव्हत्या. वाऱ्यावर दोरी हलावी तशा हेलकावत होत्या.

"वारंवारता सांग," माशी म्हणाल्या आणि शाल्मलीकडे वळल्या. "वारंवारता म्हणजे एका सेकंदात हवा किती वेळा थरथरते ती संख्या. जितकी जास्त, तितका आवाज उंच."

"रेघा अंदाजे दोन हजार, चोवीसशे, अठ्ठावीसशे आणि बत्तीसशे," कानूनं सांगितलं. "खालचा मूळ स्वर सापडत नाही. स्वर स्थिर नाही. शिकवलेल्या नमुन्याशी जुळत नाही. म्हणून माणूस नाही."

"कुठल्या नमुन्याशी?" माशींनी विचारलं.

नमुना शाल्मलीनंच दिला होता. सकाळी माशींनी आईचा एखादा आवाज मागितला, तेव्हा तिनं घाईघाईनं आईचं सगळ्यात सुंदर ध्वनिमुद्रण निवडलं. बंद खोलीतलं, तानपुऱ्यावरचं, भैरवातल्या आलापीचं. आणि कानूला बजावलं होतं, हाच आवाज शोध, दुसरा नको.

"त्या आलापीचा वर्णपट शेजारी लाव," माशी म्हणाल्या.

दुसरं चित्र उमटलं. आईच्या आवाजाच्या रेघा आखणीपट्टीनं ओढल्यासारख्या सरळ होत्या. तळाशी जाड आणि वर जाता जाता पुसट. दोन हजारांच्या वर तर जवळजवळ काहीच नव्हतं.

"किती वेगळं आहे," शाल्मली पुटपुटली. म्हणजे तो आईचा आवाज नव्हताच.

"थांब. नीट बघ. कुठलाही गळा एकच स्वर काढत नाही. एक मूळ स्वर असतो आणि त्याचे उपस्वर असतात (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानं थरथरणारे त्याचे सोबती). त्या वरच्या रेघांमध्ये अंतर किती आहे?"

शाल्मलीनं मनात वजाबाकी केली. चोवीसशे वजा दोन हजार, चारशे. अठ्ठावीसशे वजा चोवीसशे, पुन्हा चारशे. "सगळीकडे चारशेच आहे!"

"मग मूळ स्वर कितीचा असेल?"

"चारशेचा?" शाल्मलीनं काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "पण इथं चारशेवर तर इंजिनाचाच आवाज आहे. म्हणजे... म्हणजे तो याच्याखाली बुडालाय! माशी, तो आहे, पण दिसत नाहीये!"

"शीळ घालणाऱ्या पक्ष्याची एकच रेघ येते, फार तर दोन. एवढ्या वरपर्यंत अशा सारख्या अंतरावर पायऱ्या लावणारा गळा..." माशी कानूकडे वळल्या. "कानू, तुझ्याकडे बंगाली लोकगायकांचे नमुने किती आहेत?"

"एकही नाही. बोलण्याचे आहेत. शास्त्रीय गायनाचे आहेत."

माशींनी डोळे मिटले. "ते मी द्यायला हवे होते."

"पण गाणं तर गाणंच ना? एवढा फरक का पडतो?"

"टाळी वाजव. आधी तळहातांची खोलगट ओंजळ करून."

शाल्मलीनं वाजवली. भप्प असा आवाज आला.

"आता तळहात सपाट ठेवून, जोरात."

फट्!

"गळ्यात दोन स्वरतंतू असतात. हवा वर येते तेव्हा ते सेकंदाला शेकडो वेळा उघडतात आणि मिटतात. तुझी आई हळुवार गाते. मैफलीत ऐकणारे समोर बसलेले असतात, तिथं सूर अगदी बारीक तोलायचा असतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरायचं असतं. तेव्हा स्वरतंतू मऊ मिटतात, ओंजळीच्या टाळीसारखे. त्यामुळे सगळी ताकद खालच्या उपस्वरांत राहते. नावेवर गाणाऱ्याला नदीपल्याड ऐकू जायला हवं असतं. तो गळा मोकळा सोडतो, जोर लावतो, तंतू फटकन मिटतात आणि ताकद वरच्या उपस्वरांत चढते. आपला कान नेमका त्याच उंचीला, दोन ते चार हजारांच्या मध्ये, सगळ्यात तिखट असतो. पाण्याची खळखळ, इंजिनाची घरघर खाली राहते आणि हा आवाज त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. सगळेच शास्त्रीय गायक असे आणि सगळेच लोकगायक तसे, असं नाही हं. पण इथं तरी फरक स्पष्ट आहे."

शाल्मलीनं पुन्हा त्या हेलकावणाऱ्या रेघांकडे पाहिलं. हे ओरडणं नव्हतं. हे पाण्यावरून चालत येणारं गाणं होतं.

"सरमापिशी," ती म्हणाली. "पिशी गातेय."

"मलाही तसंच वाटतं."

क्षणभर तिला हायसं वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा भयंकर होता. "मग आई का गात नाहीये?"

माशींनी पडद्यावर पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"माशी, आई नावेत आहे ना?"

"माहीत नाही, बाळा. असेल तरी तिचा आवाज त्या काळ्या पट्ट्याखालीच असणार. इंजिनं चालू आहेत तोवर आपल्याला तो दिसणार नाही. आणि पिशीच्या आवाजावरून दिशा काढायची, तर तो इतका हलतोय की कानूचा अंदाज इकडून तिकडे भरकटतो."

"मग इंजिनं बंद करू या!"

माशींनी तिच्याकडे पाहिलं. मग वायरलेसचा माइक उचलून तिच्या हातात दिला. "तुझे बाबा माझं ऐकायचे नाहीत. तू सांग."

बाबांचा आवाज खरखरत आला. "शाल्मली? काही कळलं का?"

"बाबा, सगळ्या लाँचची इंजिनं बंद करा. कानूला ऐकू दे."

"बंद? अगं, ओहोटी लागलीय! इंजिन बंद केलं की आम्हीही वाहत खाली जाणार. एकेक मिनिट मोलाचं आहे. मी शोधू की थांबू?"

"तुम्ही कुठे शोधताय?"

बाबा म्हणाले, "दिसेल तिथे." त्यांचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. शाल्मलीनं बाबांना असं कधी ऐकलं नव्हतं.

"दिसत तर काहीच नाहीये, बाबा. पण ऐकू येतंय. सरमापिशी गातेय. आम्ही तिचे उपस्वर मोजले, ती माणूसच आहे, पक्षी नाही. फक्त तुमची इंजिनं मधे येताहेत. थोडा वेळ, बाबा. अगदी थोडा."

"आणि मुक्ता? तुझी आई?"

माइकवरचा शाल्मलीचा अंगठा पांढरा पडला होता. "म्हणूनच तर," ती म्हणाली.

मग बाबांनी कुणाला तरी बंगालीत हाक मारली. एक घरघर थांबली. दुसरी थांबली. शेवटची बराच वेळ रेंगाळली, खोकली आणि बंद पडली.

पडद्यावरचा काळा पट्टा धुतल्यासारखा निघून गेला.

सुरुवातीला तिथं काहीच नव्हतं. धुक्यासारखंच करडं. वरच्या चार रेघांना आता खाली पाय फुटले. सोळाशे, बाराशे, आठशे, चारशे. पिशीचा सूर तळापर्यंत दिसू लागला. पण तेवढाच. शाल्मली श्वास रोखून पाहत राहिली. खाली तिचे बाबा समुद्राकडे वाहत चालले होते, आणि ते तिच्या सांगण्यावरून.

"कानू," माशी हळूच म्हणाल्या, "खालचा भाग एकावर एक रचत जा."

"म्हणजे काय?" शाल्मलीनं विचारलं.

"कागदावर तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवली की ठळक होते ना? आवाजाचे तुकडे तसे एकमेकांवर ठेवायचे. पाण्याच्या खळखळीचे ठिपके दर वेळी वेगळ्या जागी पडतात, ते फिकेच राहतात. पण कुणी एकच सूर जागचा न हलवता धरून ठेवला असेल, तर..."

करड्या चित्रात एक रेघ उमटू लागली. आधी असल्यासारखी, मग नसल्यासारखी, मग पुन्हा. दोनशे वीसवर. आखणीपट्टीनं ओढल्यासारखी सरळ. तिच्यावर चारशे चाळीसची पुसट सावली.

शाल्मलीला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी तानपुरा लागला की घरात हाच सूर भरायचा.

"आईचा सा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"नमुन्याशी जुळतं," कानू म्हणाला. "माणसाचा आवाज आहे. दोन माणसांचे आवाज आहेत. स्वर स्थिर असल्यामुळे दिशा काढता येते. तेराव्या आणि चौदाव्या बोयाच्या मधे, दक्षिणेकडे सरकत."

माशींनी माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला. "दिघेबाबू! तेरा आणि चौदाच्या मधे! तुमच्या खालच्या अंगाला! हळू जा, नावेवर आदळू नका!"

इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि पडदा पुन्हा काळा झाला. आता ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हा वेळ सगळ्यात वाईट गेला. शाल्मली खुर्चीची कड धरून बसली होती. बोये संपतात तिथं खोल पाणी सुरू होतं, हे तिला ठाऊक होतं. नाव तिथवर गेली असेल तर? कानूची दिशा चुकली असेल तर? माशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, पण तो हातही गार होता.

वायरलेस खरखरला. बाबांचा श्वास ऐकू आला. मग, "सापडल्या. दोघीही. ऐकतेस ना? दोघीही."

लाँच धक्क्याला लागली तेव्हा धुकं विरायला लागलं होतं. आई घोंगडीत गुंडाळलेली होती आणि तिचा आवाज पार बसला होता. शाल्मली तिला बिलगली ती सोडेचना. सरमापिशी मात्र खडखडीत होती. कुरमुऱ्यांची पिशवी मागून घेऊन ती बकाबका खायला बसली.

"इंजिनानं दगा दिला," ती बंगालीत सांगू लागली. "फोन पाण्यात गेला. मग मी म्हटलं, दीदी, आपल्याकडे आता गळाच उरलाय. मी सुरुवात केली. पण हिला जोरात ओरडताच येईना."

"ओरडून पाहिलं," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "दोन हाका मारल्या आणि घसाच बसला. मग विचार केला, मला जे येतं ते करावं. सा धरला. श्वास संपला की परत सा. हा आवाज कुठे पोचणार, असं वाटत होतं. पण गप्प बसले असते तर घाबरून गेले असते."

"पोचला," शाल्मली म्हणाली. "पिशीच्या आवाजामुळे कुणीतरी आहे हे कळलं, आणि तुझ्या आवाजामुळे कुठे आहे ते कळलं." मग ती पिशीकडे वळली. बरंच काही बोलायचं होतं, पण तिला एवढंच सुचलं, "पिशी, ते गाणं मला शिकवशील?"

पिशीनं तिच्यापुढे कुरमुऱ्यांची पिशवी धरली. "आधी खा. पोट रिकामं असलं की आवाज निघत नाही."

पुढच्या काही आठवड्यांत झर्नामाशींनी कानूला नव्यानं शिकवायला घेतलं. आसपासच्या बेटांवरून नावाडी, मध गोळा करणारे, जाळी विणणाऱ्या बायका येऊन गाऊन गेल्या. उत्तर बंगालातून भवैया, म्हणजे तिथली लोकगीतं, गाणारे आले. त्यांचा गळा गाता गाता मधेच मुद्दाम तुटतो. कानूनं पहिल्या दिवशी त्याची नोंद 'यंत्र बिघडले' अशी केली, तेव्हा शाल्मलीनं त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. विष्णुपूरहून आईच्या गुरुभगिनीही आल्या. प्रत्येक गळ्याचा वर्णपट वेगळा निघाला. शाल्मली ते सगळे भिंतीवर लावत गेली. भिंत पुरेना, तेव्हा माशी म्हणाल्या की असेच बोये आता ब्रह्मपुत्रेत आणि कोकणातल्या खाड्यांतही सोडणार आहेत, आणि तिथले गळे तिथल्याच मुलांनी गोळा करायला हवेत.

एका सकाळी पुन्हा धुकं उतरलं. शाल्मली शाळेची तयारी करत होती. धुकं दिसलं की तिच्या छातीत अजून धस्स व्हायचं. ती तशीच केंद्राकडे पळाली. दारातच कानूचा आवाज आला.

"माणूस! माणसाचा आवाज! सहाव्या बोयाजवळ!"

माशी चहाचा पेला टाकून उठल्या. बाबांनी लाँच सोडली. वर्णपटात उंच, हेलकावणाऱ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मोठा मोकळा गळा होता, पुरुषाचा. शाल्मली पुन्हा खुर्चीची कड धरून बसली. कोण असेल? एकटाच असेल का? नाव फुटली असेल का?

बऱ्याच वेळानं वायरलेस खरखरला, पण पहिला आवाज बाबांचा आलाच नाही. कुणीतरी म्हातारा तावातावानं भांडत होता.

"मासे धरतोय मी! नाव ठीक आहे, मी ठीक आहे! आता माणसानं सकाळी गाऊसुद्धा नये की काय?"

मग बाबा हसताना ऐकू आले. माशी हसल्या. शाल्मलीनं खुर्चीची कड सोडली आणि कानूचा आवाज वाढवला. म्हाताऱ्यानं थोडा वेळ कुरकुर केली, आणि मग धुक्यातच पुढचं कडवं सुरू केलं.